शब्द कोण टाकणार?

१८८० सालातल्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिली बॉस्टनची. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीची मंडळी तिथे जमली होती. त्या वेळी त्यांचे एक जेवण झाले, फक्त पुरुषांचे. ते इतिहासात 'स्त्रीद्वेष्ट्यांचे जेवण' याच नावाने ओळखले जाते. तिथली भाषणे आणि विनोद यांची पुस्तिकाही निघाली. गंमत अशी, की ही सोसायटी ज्या मेळाव्यातून जन्माला आली, त्याची जागा एका बाईने सुचवलेली होती. प्रीस्टलीने ऑक्सिजन वेगळा केला त्याला १८७४ मध्ये शंभर वर्षे होत होती. त्या निमित्ताने रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या समाधीपाशी जमावे, ही सूचना रेचल बॉडली यांची. त्या फिलाडेल्फियाला स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत आणि त्याच वर्षी त्या महाविद्यालयाच्या प्रमुख झाल्या होत्या.

दुसरी घटना न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंची. त्या दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. हाताशी पडलेला एका मिशनरी मासिकाचा जुना अंक त्यांनी चाळला. त्यात गोपाळराव जोशी नावाच्या टपाल खात्यातल्या कारकुनाचे पत्र छापलेले होते. आपल्या पत्नीला शिकवायचे आहे, अमेरिकेत काही सोय होईल का, अशी त्यात विचारणा होती. संपादकांनी दिलेले उत्तर कोरडे होते. आधी ख्रिस्ती व्हा, असा त्याचा मथितार्थ. कार्पेंटरबाईंना ते रुचले नाही. त्यांनी घरी जाऊन हिंदुस्थानात पत्र धाडले.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला पोचल्या, कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या आणि फिलाडेल्फियाच्या त्याच महाविद्यालयात बॉडलीबाईंच्या विद्यार्थिनी झाल्या. ११ मार्च १८८६ ला त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

ही कथा आपण वर्गात जिद्दीची कथा म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. पण तिला आणखी एक बाजू आहे. जिद्द आनंदीबाईंची असली, तरी त्या जिद्दीला वाट मिळाली ती ओळखीच्या साखळीमुळे: एक पत्र, एक मासिक, एक घर, एक प्राचार्या. यातली एक कडी निसटली असती तर? कार्पेंटरबाईंच्या हाताला त्या दिवशी दुसराच अंक लागला असता तर?

पुरुषांना असली साखळी मुद्दाम घडवावी लागत नसे. वसतिगृहातली खोली, क्लब, संध्याकाळचे फिरणे, बॉस्टनसारखी जेवणे यांतून ती आपोआप तयार होई. कुठे जागा निघाली आहे, कोणत्या प्राध्यापकाला मदतनीस हवा आहे, कोणाचे शिफारसपत्र चालते, या बातम्या तिथे मिळत. जिला या घोळक्यात प्रवेश नव्हता, तिला विषय कितीही चांगला येत असला तरी दार कुठे आहे हेच कळत नसे. विज्ञानातल्या स्त्रियांचा इतिहास बुद्धी आणि कष्ट यांच्याबरोबर या साखळीचाही आहे. तो पुण्याच्या आधाराने पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

हुजूरपागेचा बाक

पुण्यात मुलींची पहिली साखळी शाळेच्या बाकावर जुळली. हुजूरपागा ही शाळा १८८४ मध्ये सुरू झाली. तिथे वसतिगृह होते, म्हणून दूरगावच्या मुलींनाही शिकता येई. ब्रह्मदेशात १९०५ साली जन्मलेली, तिथल्याच नदीचे नाव मिळालेली इरावती करमरकर ही अशीच एक मुलगी. ती सातव्या वर्षी हुजूरपागेत आली. तिथे तिला शकुंतला परांजपे ही मैत्रीण भेटली. शकुंतलेचे वडील म्हणजे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य रँग्लर परांजपे. हळूहळू इरावती परांजप्यांच्या घरचीच एक मुलगी झाली. त्या घरात पुस्तके होती, येणारीजाणारी विद्वान माणसे होती. मुलीने खूप शिकावे यात त्या घराला काही वेगळे वाटत नव्हते.

या मुलीने पुढे फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, मुंबईला डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि बर्लिनला जाऊन मानववंशशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. बर्लिनचा विषय होता मानवी कवटीच्या दोन बाजूंतली विषमता. तिथले मार्गदर्शक वंशश्रेष्ठत्व मानणारे होते. इरावतीबाईंनी केलेल्या मापांतून मात्र त्यांच्या मताला पाठिंबा निघाला नाही, आणि त्यांनी निघाला तोच निष्कर्ष मांडला. १९३९ पासून १९७० पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या.

इथेही तेच दिसते. इरावतीबाईंची बुद्धी कोणी दिली नाही. पण पुस्तकांनी भरलेले घर एका मैत्रिणीमुळे मिळाले.

वशिला आणि ओळख

आता वाचक विचारतील, 'म्हणजे तुम्ही वशिल्याची तरफदारी करता आहात की काय?' प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे 'ओळख' या शब्दाला वास आहे तो वशिल्याचाच. पण दोहोंत फरक आहे. वशिला लायकी नसलेल्याला परीक्षा न देता खुर्चीवर बसवतो. आम्ही म्हणतो ती ओळख लायक माणसाला परीक्षेच्या खोलीपर्यंत पोचवते. परीक्षा ज्याची त्यालाच द्यावी लागते. कमला भागवत, म्हणजे नंतरच्या डॉ. कमला सोहोनी, यांच्या उदाहरणात हा फरक नीट कळतो.

कमलाबाई १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या. त्यांचे वडील आणि काका दोघेही बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेत रसायनशास्त्र शिकलेले होते. त्यामुळे संशोधन करायचे तर अर्ज कुठे करायचा, हे घरातच माहीत होते. अर्ज गेला. संस्थेचे प्रमुख चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी, मुलगी आहे म्हणून, तो नाकारला. कमलाबाई बंगलोरला गेल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करीन म्हणून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण पहिले वर्ष उमेदवारीचे. काम पसंत पडले तरच पुढे. वर्षभरात त्यांनी काम दाखवले आणि मग त्या संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. श्वसनक्रियेत भाग घेणारे सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींच्या ऊतींतही असते, हे त्यांचे संशोधन. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. त्या काळात त्यांना मिळालेली एक मदत इथे नोंदवण्याजोगी आहे. अमेरिकेतल्या पदवीधर स्त्रियांच्या संघटनेची प्रवास-शिष्यवृत्ती त्यांना मिळाली होती. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, निरनिराळ्या देशांतल्या पदवीधर स्त्रियांनी एकत्र येऊन एक आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला होता. आनंदीबाईंच्या वेळी जे काम दातांच्या डॉक्टरकडच्या एका जुन्या अंकाने योगायोगाने केले, ते काम करायला आता संघटना होत्या. पन्नास-साठ वर्षांत एवढा बदल झाला होता.

सिमला ऑफिसातली एक बाई

पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याची जुनी दगडी इमारत आहे. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आले, म्हणून पुणेकर तिला अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. १९४८ मध्ये या खात्याच्या पुण्यातल्या उपकरण विभागात अ‍ॅना मणी रुजू झाल्या.

त्यांचा प्रवास सरळ नव्हता. १९४० मध्ये त्या रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हिरे आणि माणके यांतून येणाऱ्या प्रकाशाचा त्यांनी अभ्यास केला, शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि १९४५ मध्ये प्रबंध सादर केला. मद्रास विद्यापीठाने डॉक्टरेट दिली नाही. कारण त्यांच्याजवळ एम.एस्सी.ची पदवी नव्हती. त्याच प्रयोगशाळेबद्दल अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. स्त्री आणि पुरुष विद्यार्थ्यांनी मिसळणे रामन यांना मान्य नव्हते. साहजिकच बरोबरीच्या मुलांमध्ये चालणाऱ्या चर्चेला मुली मुकत. शिक्षकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. वर्गात जितके शिकतो, तितकेच आपण मधल्या सुट्टीत शिकतो.

मणी नंतर इंग्लंडला गेल्या. भौतिकशास्त्राचे पुढचे शिक्षण घ्यायचे मनात होते, पण शिष्यवृत्ती होती हवामानाच्या उपकरणांसाठी. त्यांनी तीच घेतली. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्याकडे साधे तापमापक आणि वायुभारमापकही बाहेरून येत. ती इथेच बनवायची तर आधी नेमकी रेखाचित्रे हवीत, मापे एकसारखी हवीत, तपासणीची पद्धत हवी. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे शंभर उपकरणांची रेखाचित्रे प्रमाणित केली. १९५३ मध्ये त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. हाताखाली १२१ माणसे होती, सगळे पुरुष. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी देशभर सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे केले. सौर ऊर्जेच्या कामात पुढे त्याच मोजमापांचा आधार मिळाला. १९७६ मध्ये त्या खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या.

आपण बाई असल्यामुळे काही अडले, हे मणी मानायला तयार नसत. 'स्त्री-वैज्ञानिक' असा वेगळा उल्लेखही त्यांना आवडत नसे. या मताचा आदर करायला हवा. काम हे काम आहे. त्याला वेगळी फूटपट्टी नको. पण १२१ पुरुष आणि एक बाई या आकड्याकडेही पाहायला हवे. एकटीने निभावून नेणारी व्यक्ती थोर असते. मात्र थोर असल्याशिवाय निभावताच येऊ नये, अशी व्यवस्था चांगली म्हणता येणार नाही. साधारण बुद्धीच्या मुलाला विज्ञानात साधारण कारकीर्द करता येते. साधारण बुद्धीच्या मुलीलाही ती करता आली पाहिजे, आणि त्यासाठी आधार लागतो.

एक पोस्टकार्ड आणि बारा जणी

१९७४ साली बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी सूचनाफलकावर टेल्को कंपनीची जाहिरात वाचली. अभियंते हवे होते, पण स्त्रियांनी अर्ज करू नये अशी तळटीप होती. त्यांनी रागाने जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले. उत्तरादाखल पुण्याला मुलाखतीचे बोलावणे आले. पुण्याला फुकट जायला मिळते आहे तर आमच्यासाठी साड्या आण, म्हणून वसतिगृहातल्या मैत्रिणींनी पैसे हातात ठेवले, असे त्यांनीच लिहिले आहे. मुलाखत तांत्रिक प्रश्नांची झाली, त्या निवडल्या गेल्या आणि टेल्कोच्या पहिल्या महिला अभियंता ठरल्या.

पोस्टकार्डाची ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच सुमाराची दुसरी गोष्ट तितकी प्रसिद्ध नाही. जून १९७३ मध्ये मुंबईत बारा स्त्री-वैज्ञानिक एकत्र आल्या आणि त्यांनी इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन ही संस्था काढली. पुढे देशात ठिकठिकाणी तिच्या शाखा निघाल्या. त्यांत पुण्याचीही आहे. या बायकांनी वाशीला मुख्यालय उभारले. तिथे ग्रंथालय आणि व्याख्याने तर आहेतच, पण नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघरही आहे.

वैज्ञानिकांच्या संस्थेने पाळणाघर कशाला काढायचे, असे कोणाला वाटेल. पण प्रयोग पाच वाजता संपत नाही. जंतूंची वाढ रात्री अकरा वाजता तपासायची असेल, तर त्या वेळी घरचे मूल कोणाजवळ आहे या प्रश्नाचे उत्तर आधी लागते. ते नसेल तर प्रयोग राहतो, प्रयोग राहिला तर निबंध राहतो आणि निबंध राहिला तर बढती राहते. नोकरी सुटते ती अशी, हळूहळू. या बारा जणींनी अनुभवाने हे जाणले होते.

पोस्टकार्डाने एका मुलीसाठी दार उघडले, आणि तिच्यामागून इतरांसाठीही. पण त्यासाठी लिहिणारी धीट लागते आणि वाचणारा जे.आर.डी. लागतो. दर वेळी दोन्ही जमून येतील असे नाही. संस्था असली की धीट नसलेलीलाही विचारायला जागा मिळते. याचा एक पुरावा कमला सोहोनींच्याच चरित्रात आहे. रामन यांनी आपल्याला कसे नाकारले, आणि त्याचे शल्य कसे राहिले, हे त्यांनी कितीतरी वर्षांनी जाहीर सभेत सांगितले. ती सभा होती त्यांच्या सत्काराची, आणि सत्कार केला होता याच स्त्री-वैज्ञानिकांच्या संस्थेने. ऐकणाऱ्या असल्या की सांगता येते.

लीलावतीच्या मुली

१९९१ मध्ये पुण्यात महर्षी कर्वे यांच्या स्त्री शिक्षण संस्थेने कर्वेनगरला मुलींचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. विधवांच्या आश्रमापासून निघालेली वाट शंभर वर्षांच्या आत अभियांत्रिकीपर्यंत आली. मुली शिकू लागल्या, पदव्या घेऊ लागल्या. मग प्रश्न बदलला: शिकलेल्या इतक्या मुली पुढे जातात कुठे?

या प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्यांत एक नाव पुण्याचे आहे, डॉ. रोहिणी गोडबोले. १९५२ साली पुण्यात जन्म, शाळा हुजूरपागा, महाविद्यालय स. प. त्यांच्या लहानपणी शाळेत मुलींना सातवीपर्यंत विज्ञानाऐवजी गृहशास्त्र असे. राज्य शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी म्हणून त्यांनी विज्ञान अभ्यासले, आणि ती शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या आपल्या शाळेतल्या पहिल्या ठरल्या. पुढे मूलकणांच्या भौतिकशास्त्रात त्यांनी जागतिक कीर्ती मिळवली. १९९५ पासून त्या बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होत्या. हीच ती संस्था, जिथे कमलाबाईंना सत्याग्रह करावा लागला होता.

२००८ मध्ये गोडबोले आणि राम रामस्वामी यांनी संपादित केलेले 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक भारतीय विज्ञान अकादमीने प्रसिद्ध केले. नावात भास्कराचार्यांची लीलावती आहे, आणि आत सुमारे शंभर भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या हकिकती. एखाद्या खेड्यातल्या विद्यार्थिनीला ओळखीची एकही वैज्ञानिक बाई भेटण्याची शक्यता नसेल, तर या पुस्तकात तिला शंभर जणी भेटतात. पुस्तकानेही साखळी जोडता येते.

अकादमी आणि बंगलोरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था यांच्या २०१० च्या पाहणीतही गोडबोले सहभागी होत्या. डॉक्टरेट घेतलेल्या स्त्रियांपैकी किती जणी विज्ञानाबाहेर पडतात आणि का, हे त्या पाहणीत तपासले. बायका संसारासाठी नोकरी सोडतात, असे आपण गृहीत धरतो. पण घरगुती कारणांबरोबरच योग्य नोकरीच मिळाली नाही, हे कारणही ठळकपणे पुढे आले. खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी केंद्र सरकारच्या विज्ञान विभागाने त्याआधीच, २००२-०३ मध्ये, खास योजना सुरू केली होती. योजना असणे चांगलेच. पण ती आहे हे जिला कोणी सांगितले नाही, तिच्यासाठी ती नसल्यासारखीच.

गोडबोले यांचे २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात निधन झाले.

आपल्या हातातली कडी

या सगळ्या हकिकती पुन्हा चाळल्या तर चार गोष्टी सापडतात: वेळेवर मिळालेली बातमी, राहण्याची आणि मुले सांभाळण्याची सोय, आपल्यासाठी शब्द टाकणारे कोणीतरी आणि बरोबरीने बोलणारी सोबत. पहिली आणि तिसरी गोष्ट आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या, हातात आहे.

वर्गात एक उपक्रम करून पाहता येईल. गावातल्या किंवा नात्यातल्या, विज्ञान-तंत्रज्ञानाशी संबंधित काम करणाऱ्या एका बाईला मुलामुलींनी भेटावे. ती परिचारिका असेल, कृषी सहायक असेल, प्रयोगशाळेत रक्त तपासणारी असेल किंवा अभियंता. तिला चारच प्रश्न विचारावेत. या शिक्षणाबद्दल तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितले? शिकताना कुठे राहिलात? तुमच्यासाठी घरात किंवा बाहेर शब्द कोणी टाकला? अडले तेव्हा कोणाशी बोललात? उत्तरे फळ्यावर मांडली की साखळी आपोआप दिसू लागेल. मुलगे आणि मुली यांची उत्तरे कुठे वेगळी येतात, हे पाहण्यासाठी गावातल्या एखाद्या पुरुषालाही तेच चार प्रश्न विचारावेत.

दुसरे काम त्याहून सोपे आहे. शाळेत एक वही ठेवावी. तीत विज्ञान शाखेला गेलेल्या माजी विद्यार्थिनींची, त्यांच्या संमतीने, नोंद असावी: काय शिकते, कुठल्या गावी, वसतिगृह कसे मिळाले, कोणती शिष्यवृत्ती मिळाली. पुढच्या जूनमध्ये दहावी झालेली एखादी मुलगी 'बाई, पुढे काय करू?' म्हणून येईल, तेव्हा तिला उपदेशाबरोबर एक नावही देता येईल.